शालेय ग्रंथालयासाठी नावाजलेली बालपुस्तके : पुरस्काराच्या शिक्क्याची चिकित्सा



पदवीच्या काळात तुमच्यापैकी अनेकांवर हे काम एकदा तरी येते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकाने दत्तक घेतलेल्या गावातल्या शाळेला पुस्तके द्यायची असतात. कधी महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनातून उरलेले पैसे त्यासाठी बाजूला ठेवलेले असतात, कधी माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढलेली असते. मग कोणाला तरी यादी करायला बसवले जाते. तो मोबाइलवर 'पुरस्कारप्राप्त बालपुस्तके' असे शोधतो, वरची वीस नावे उतरवतो आणि मागणी नोंदवून मोकळा होतो. यादीवर कोणी आक्षेपही घेत नाही, कारण प्रत्येक नावापुढे पुरस्कार असतो.

या टिपणात आपण ही रीत तपासणार आहोत. पुरस्कार वाईट असतात किंवा परीक्षक पक्षपाती असतात, असे मला म्हणायचे नाही. माझा मुद्दा मर्यादित आहे. पुरस्कार पुस्तकाबद्दल काही सांगतो. ते पुस्तक ज्या मुलाच्या हातात पडणार आहे त्याच्याबद्दल काहीच सांगत नाही. शालेय ग्रंथालयाला या दोन्ही गोष्टी कळाव्या लागतात. त्यामुळे पुरस्कारांच्या यादीपासून सुरुवात करायला हरकत नाही, पण तिथेच थांबले तर निवड झाली असे म्हणता येत नाही.

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते, ग्रंथालयशास्त्र हा माझा विषय नाही. पण भारतात ज्यांनी या शास्त्राचा पाया घातला ते एस. आर. रंगनाथन हेही मुळात गणिताचे अध्यापक होते. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम पुस्तकरूपाने मांडले. त्यातल्या दोन नियमांचा आशय आपल्याला इथे पुरेसा आहे: प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. लक्षात घ्या, या दोन्ही वाक्यांत 'उत्तम पुस्तक' हा शब्दप्रयोग नाही. पुस्तक आणि वाचक यांची जोडी हा त्यांचा विषय आहे.

१. आधी पैशाचा हिशेब

२०१८ पासून लागू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० ते २०,००० रुपये अनुदानाची तरतूद आहे. प्राथमिक शाळा या पट्ट्याच्या खालच्या टोकाला येते. म्हणजे आपण ५,००० रुपये हा आकडा समोर ठेवू. पुस्तकाची किंमत ५० रुपये असेल तर या रकमेत १०० पुस्तके येतात, २५० रुपये असेल तर २० आणि ५०० रुपये असेल तर फक्त १०.

साठ मुलांच्या शाळेत दहा पुस्तके आली आणि त्यातली सहा मुलांना वाचताच आली नाहीत, तर त्या शाळेचे वर्षभराचे ग्रंथालय चार पुस्तकांचे झाले. पुढची संधी पुढच्या वर्षी. तोवर पहिलीतले मूल दुसरीत गेलेले असते, आणि पुस्तक म्हणजे न कळणारी वस्तू असते हे त्याने मनाशी पक्के केलेले असते. मोठ्या शहरातल्या श्रीमंत शाळेत निवड चुकली तर कपाटातली थोडी जागा वाया जाते. लहान शाळेत निवड चुकली तर मुलांचे एक वर्ष जाते. निवडीकडे गंभीरपणे पाहायचे ते यासाठी.

२. पुरस्कार नेमके काय मोजतो

पुरस्कार हा एकच शब्द आपण फार वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. काही उदाहरणे पाहू.

अमेरिकेतले न्यूबेरी पदक १९२२ पासून दिले जाते. बालपुस्तकांसाठीचे हे सर्वांत जुने मानले जाणारे पारितोषिक. लेखक अमेरिकेचा नागरिक किंवा रहिवासी असला पाहिजे आणि पुस्तक अमेरिकेत प्रसिद्ध झालेले असले पाहिजे, अशी त्याची अट आहे. निवड वाङ्मयीन गुणवत्तेवर व्हावी, लोकप्रियतेवर किंवा बोधपर आशयावर नव्हे, हेही त्याच्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे मुखपृष्ठावरचे ते गोल सोनेरी पदक 'जगातले सर्वोत्तम' असे सांगत नाही आणि 'मुलांना आवडते' असेही सांगत नाही. तसा दावा पदक देणाऱ्यांनी केलेलाच नाही. तो आपण आपल्या मनाने जोडतो. चित्रांसाठी तिथे १९३८ पासून वेगळे कॅल्डेकॉट पदक आहे.

आपल्याकडे साहित्य अकादमीचा बाल साहित्य पुरस्कार २०१० पासून चोवीस भाषांत दिला जातो. ५० हजार रुपये आणि ताम्रपट असे त्याचे स्वरूप आहे. मराठीतली अलीकडची चार वर्षे पाहा: २०२२ मध्ये संगीता बर्वे यांची 'पियूची वही' ही कादंबरी, २०२३ मध्ये एकनाथ आव्हाड यांचा 'छंद देई आनंद' हा कवितासंग्रह, २०२४ मध्ये भारत सासणे यांची 'समशेर आणि भूतबंगला' ही कादंबरी आणि २०२५ मध्ये सुरेश सावंत यांचा 'आभाळमाया' हा कवितासंग्रह. दोन कादंबऱ्या, दोन कवितासंग्रह. ही निवड चांगली की वाईट हा इथला प्रश्न नाही. पण पहिली-दुसरीच्या वर्गासाठी, जिथे मूल अजून अक्षरे जुळवत असते आणि चित्राच्या आधाराने गोष्ट पकडत असते, तिथे या चार नावांत चित्रपुस्तक एकही नाही. पुरस्कार लेखकाला मिळतो, चित्रकाराला नाही. आणि लहान मुलाच्या पुस्तकात निम्मी गोष्ट चित्रकार सांगत असतो. तेव्हा केवळ ही यादी धरून कपाट भरले, तर शाळेतली सर्वांत लहान मुले रिकाम्या हाताने राहतील.

तिसरा प्रकार एकूण कार्यासाठीच्या गौरवाचा. १९५६ पासून दिला जाणारा हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार आता लेखकाच्या सगळ्या लेखनासाठी असतो. टाटा ट्रस्ट्सच्या 'पराग' उपक्रमातर्फे २०१६ मध्ये सुरू झालेला बिग लिटल बुक पुरस्कारही असाच आहे. लेखकासाठी दरवर्षी एक भारतीय भाषा निवडली जाते. पहिल्याच वर्षी ती मराठी होती आणि तो मान माधुरी पुरंदरे यांना मिळाला. अशा पुरस्काराचा अर्थ 'या लेखिकेकडे वळा' इतकाच घ्यायचा. त्यांचे कोणते पुस्तक तिसरीला आणि कोणते सातवीला, हे पुरस्कार सांगत नाही. ते पुस्तके उघडूनच ठरवावे लागते. पुरंदरे स्वतः लिहितात आणि स्वतः चित्रे काढतात, त्यामुळे शब्दाने जे सांगितले तेच चित्र पुन्हा सांगत बसत नाही. हे निरीक्षण कोणत्याही मानपत्रापेक्षा निवड करणाऱ्याच्या जास्त उपयोगाचे आहे.

चौथा प्रकार याद्यांचा. 'पराग ऑनर लिस्ट' २०२० पासून निघते आणि ती हिंदी व इंग्रजी पुस्तकांची असते. बंगळुरूचा नीव्ह पुरस्कार इंग्रजी पुस्तकांना मिळतो. या याद्या काळजीपूर्वक केलेल्या असतात, पण त्यांची भाषेची चौकट आधीच ठरलेली असते. ओडिया, मराठी किंवा कन्नड माध्यमाच्या शाळेसाठी ती यादी जशीच्या तशी उतरवून घेणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचे कपडे शिवून घेणे.

३. तीन पुस्तके वाचून पाहू

समीक्षा करायची तर पुस्तके उघडली पाहिजेत. नावाजलेली तीन पुस्तके घेऊ.

पहिले 'द नाइट लाइफ ऑफ ट्रीज'. चेन्नईच्या तारा बुक्सने २००६ मध्ये काढलेल्या या पुस्तकात भज्जू श्याम, दुर्गाबाई आणि रामसिंग उर्वेती या तीन गोंड चित्रकारांनी झाडांची चित्रे काढली आहेत. काळ्या हातकागदावर, हाताने स्क्रीन छपाई करून. २००८ मध्ये त्याला बोलोन्याचा रागात्झी पुरस्कार मिळाला. पुस्तक म्हणून त्याच्यात खोट काढणे कठीण आहे. काळ्या पानावरचे रंग बोटाला जाणवतात, आणि झाड हे नुसते झाड न राहता त्यात साप, हरीण, पक्षी वस्तीला आलेले दिसतात. पण त्याची किंमत साध्या चित्रपुस्तकाच्या कितीतरी पट आहे. ५,००० रुपयांच्या अंदाजपत्रकात ते घेतले तर इतर बरेच काही गाळावे लागेल. शिवाय हाताने छापलेले पुस्तक म्हटल्यावर शिक्षक ते मुलांच्या हातात देतील का, हाही प्रश्न आहे. मी पाहिलेल्या एका शाळेत सर्वांत देखणी पुस्तके पाहुण्यांना दाखवण्यासाठी कुलपात होती आणि मुलांच्या हातात पाने सुटलेली जुनी पुस्तके होती.

इथवर उत्तर 'घेऊ नका' असे वाटते. आता शाळा बदलून पाहा. मध्य प्रदेशातल्या दिंडोरी जिल्ह्यातले पाटनगढ हे भज्जू श्याम यांचे गाव. तिथल्या किंवा आपल्या गडचिरोलीतल्या गोंड मुलांच्या शाळेत हेच पुस्तक गेले, तर घरच्या भिंतीवरच्या आणि आजीच्या गोष्टीतल्या गोष्टी छापील पुस्तकात येऊ शकतात, हे त्या मुलांना पहिल्यांदा दिसेल. बालसाहित्याच्या अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये पुस्तकांची आरसा आणि खिडकी अशी विभागणी सुचवली: काही पुस्तकांत मुलाला आपण दिसतो, काहींत दुसऱ्याचे जग. पुण्यातल्या मुलासाठी जे पुस्तक खिडकी आहे, तेच पाटनगढच्या मुलासाठी आरसा आहे. पुस्तक तेच, पुरस्कारही तोच, आणि निर्णय मात्र वेगळा. तिथे मी इतर खर्च कमी करून ते घेईन. इथे पाच-सहा शाळांच्या केंद्रात एकच प्रत घेऊन ती फिरती ठेवीन.

दुसरे 'इयर ऑफ द वीड्स'. सिद्धार्थ सर्मा यांची ही कादंबरी २०१८ मध्ये आली आणि तिला २०१९ चा नीव्ह पुरस्कार मिळाला. ओडिशातल्या एका गावात कोरोक नावाचा गोंड मुलगा सरकारी अधिकाऱ्याच्या बंगल्याची बाग सांभाळतो. गावाजवळच्या टेकड्यांत बॉक्साइट आहे आणि कंपनीला ते हवे आहे. नियमगिरीची हकिकत या कादंबरीमागे आहे. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर तिथल्या बारा ग्रामसभांनी खाणीला नकार दिला होता. कादंबरीची ताकद अशी की कोरोक घोषणा देणारा नायक होत नाही. त्याला मातीची आणि रोपांची जाण आहे, आणि घडणाऱ्या गोष्टी तो त्याच जाणिवेतून समजून घेतो. सरकारी कामकाजाची थट्टाही तिच्यात आहे, त्यामुळे ती रडगाणे होत नाही.

अडचण पुढे आहे. पुस्तक इंग्रजीत आहे. ज्या मुलांचे जग त्यात आले आहे, त्यांच्यापैकी बहुतेकांना ते वाचता येणार नाही. ज्यांना ते सहज वाचता येईल, त्यांच्यापैकी बहुतेक त्या टेकड्यांपासून दूर शहरांत राहतात. हा लेखकाचा दोष नव्हे, आपल्या प्रकाशनव्यवहाराची ती रचना आहे. पण यादी करणाऱ्याने 'आदिवासी मुलांसाठी आदिवासी नायकाचे पुस्तक' एवढ्या नात्यावर ते आश्रमशाळेत पाठवले, तर ते कपाटात पडून राहील. ते तिथे न्यायचेच असेल तर सोबत माणूस न्यावा लागेल. आठवड्याला एक प्रकरण स्वतः वाचून मुलांच्या भाषेत सांगणारा स्वयंसेवक असेल, तर हीच कादंबरी महिनोन्‌महिने मुलांना बांधून ठेवू शकते. शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या आठवी-नववीसाठी मात्र मी ती बिनदिक्कत सुचवीन.

तिसरे 'मायिल विल नॉट बी क्वायट'. निवेदिता सुब्रमण्यम आणि सौम्या राजेंद्रन यांचे हे पुस्तक २०११ मध्ये तुलिका प्रकाशनाने काढले आणि त्याला साहित्य अकादमीचा बाल साहित्य पुरस्कारही मिळाला. चेन्नईतल्या बारा वर्षांच्या मायिलची ही रोजनिशी आहे. शरीरात होणारे बदल, मुलगा आणि मुलगी यांना लावलेले वेगळे नियम, मैत्रिणींशी भांडणे, धाकट्या भावाचा वैताग, सगळे तिच्या बोलण्यात येते. पुस्तक हसवते आणि हसता हसता अवघड प्रश्न विचारते. सहावी-सातवीच्या मुलींना याची गरज आहे यात शंका नाही.

इथे वेगळा धोका आहे. असे पुस्तक शाळेत येते, एखादे पान पाहून कोणी तरी बिचकते आणि मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात त्याची रवानगी होते. म्हणून हे पुस्तक नुसते पाठवू नका. आधी शाळेतल्या एका बाईंना ते वाचायला द्या. मुलींनी प्रश्न विचारले तर उत्तर द्यायला त्या तयार आहेत का, हे मोकळेपणाने विचारा. त्या हो म्हणाल्या तर पुस्तक काम करील. नाही म्हणाल्या तर आधी त्यांच्याशी बोलणे हे काम आहे, पुस्तक नंतर.

तिन्ही पुस्तकांत पुरस्कार योग्य होता असे माझे मत आहे. आणि तिन्ही वेळा पुरस्काराने आपल्याला निर्णयापर्यंत नेले नाही.

४. विषय महत्त्वाचा म्हणून पुस्तक चांगले?

गेल्या पंधरा-वीस वर्षांत भारतीय बालपुस्तकांत मोठा बदल झाला. अपंगत्व, जात, लिंगभाव, मृत्यू, स्थलांतर असे विषय धीटपणे आले. हे स्वागतार्हच आहे. पण त्याबरोबर परीक्षणांत एक सवय शिरली: विषयाचे नाव घेऊन पुस्तकाचे कौतुक करायचे. 'समावेशक', 'संवेदनशील', 'आजच्या काळाशी सुसंगत' हे शब्द पुस्तकाच्या हेतूबद्दल असतात. गोष्ट जमली का, हे त्यातून कळत नाही.

यासाठी एक साधी परीक्षा करून पाहा. पुस्तकातून तो मोठा विषय क्षणभर बाजूला काढा. मागे गोष्ट उरते का? लावण्या कार्तिक यांनी लिहिलेले आणि प्रोइती रॉय यांनी चित्रे काढलेले 'अ वॉक विथ थंबी' घ्या. एक मुलगा आणि थंबी नावाचा त्याचा कुत्रा फिरायला निघतात. वाटेत आवाज, वास, गंमत आहे. मुलगा अंध आहे हे पुस्तक भाषण करून सांगत नाही. ते चित्रांतून आणि चालण्याच्या पद्धतीतून उमगते. विषय बाजूला काढला तरी कुत्र्याबरोबरचा एक मजेचा फेरफटका उरतो. म्हणूनच विषयही मनात राहतो. उलट अशीही पुस्तके तुम्हाला भेटतील, ज्यांच्यातून विषय काढला तर एक उपदेशाचे वाक्य तेवढे उरते. आपल्या जुन्या बोधकथांना आपण 'तात्पर्य : नेहमी खरे बोलावे' म्हणून नावे ठेवतो. तात्पर्य बदलले म्हणून बोधकथा बदलत नाही.

५. गुणांची बेरीज करू नका

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना तक्ता करण्याची सवय असते. आशयाला ३० गुण, चित्रांना २०, पुरस्काराला २०, किंमतीला १५, छपाईला १५ आणि शेवटी बेरीज. बालपुस्तकांच्या निवडीत ही रीत फसते. समजा एखाद्या पुस्तकाला आशय, चित्रे, पुरस्कार आणि छपाई यांचे पूर्ण गुण मिळून ८५ झाले. ते मुलाला कळणाऱ्या भाषेतच नसेल तर त्या ८५ गुणांचा उपयोग शून्य आहे. बेरजेत एका रकान्यातले शून्य इतर रकाने झाकून टाकतात.

कार्यशाळेत तुम्ही गो आणि नो-गो गेज वापरले असेल. भोक मापात आहे की नाही एवढेच ते सांगते. किती सुंदर आहे ते नाही. नो-गो बाजू आत गेली की तो भाग बाद, मग त्यावर कितीही चकाकी असो. पुस्तकांसाठी अशा तीन पायऱ्या आधी लावा.

पहिली, हे पुस्तक मूल स्वतः वाचू शकेल, किंवा त्याला वाचून दाखवणारे कोणी तरी शाळेत नक्की आहे. दोन्ही नसेल तर बाद.

दुसरी, पुस्तक तीस-चाळीस हातांतून जाईल तरी टिकेल, किंवा फाटले तर दुसरी प्रत परवडेल. दोन्ही नसेल तर बाद.

तिसरी, त्या शाळेतल्या कोणत्याही मुलाला चित्रात किंवा मजकुरात स्वतःची टवाळी झालेली दिसणार नाही. काळा रंग म्हणजे दुष्ट, जाड मूल म्हणजे हसण्याची वस्तू, झोपडीतले मूल म्हणजे दयेचा विषय, अशी पुस्तके कितीही गाजलेली असोत, बाद.

या तीन पायऱ्या ओलांडलेल्या पुस्तकांमध्ये मग खुशाल तुलना करा. तिथे पुरस्काराला वजन द्यायला माझी हरकत नाही.

६. भाषेचा प्रश्न बाजूला ठेवता येत नाही

तुम्ही देशाच्या वेगवेगळ्या भागांत शिकता. बेळगाव, इंदूर, बडोदा येथे मराठी बोलणारी घरे आहेत, पण त्या घरांतले प्रत्येक मूल मराठी शाळेत जाते असे नाही. मेळघाटातल्या मुलाची घरची भाषा कोरकू असते, शाळेची मराठी आणि पुरस्कारयादीतल्या पुस्तकाची बरेचदा इंग्रजी. निवड करण्यापूर्वी या तीन भाषा कागदावर लिहून काढा. पुस्तक घरच्या भाषेपासून जितके दूर, तितका वाचून दाखवणाऱ्या माणसाचा वाटा वाढतो.

इथे स्वस्त आणि मोफत साधने आहेत. तुलिकासारखे प्रकाशन एकच चित्रपुस्तक अनेक भारतीय भाषांत काढते. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५ पासून गोष्टी खुल्या परवान्याखाली आहेत. लेखक-चित्रकारांचे श्रेय नोंदवून त्यांचे भाषांतर करता येते आणि त्या छापताही येतात. नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तके कमी किंमतीत मिळतात. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून आणि भोपाळच्या एकलव्यचे हिंदी 'चकमक' १९८५ पासून निघते. मासिकाला पुरस्काराचा शिक्का नसतो, पण ते दर महिन्याला नव्याने येते, आणि ज्या शाळेत वर्षातून एकदाच पुस्तके येतात तिथे याचे मोल मोठे आहे.

७. एक रास्त आक्षेप

कोणी म्हणेल, मुलांना जे सोपे आणि ओळखीचे तेच द्यायचे, तर ती उत्तम साहित्यापर्यंत पोचणार कधी? गरीब शाळेला स्वस्त पुस्तक आणि श्रीमंत शाळेला पुरस्काराचे, हा अन्याय नाही का?

आक्षेप खरा आहे आणि त्याला टाळून चालणार नाही. तालुक्याच्या गावी बालपुस्तकांचे दुकान नसते. तिथे पुरस्कारयादी नसती तर अनेक चांगल्या पुस्तकांची नावेही शिक्षकांपर्यंत पोचली नसती. आणि मुलाला न झेपणारे म्हणून आपण जे ठरवतो, त्यातले पुष्कळसे त्याला झेपते, जर कोणी सोबत बसले तर. म्हणून 'पुरस्काराची पुस्तके नकोत' असा निष्कर्ष काढू नका. अवघड पुस्तक घ्या, पण त्याच्याबरोबर वेळ आणि माणूस द्या. ते देता येत नसेल तर आपण त्या मुलांना उत्तम साहित्य दिले असे म्हणू नये. आपण कपाटाला दिले.

सोपे म्हणजे कमी दर्जाचे हेही खरे नाही. अशोक राजगोपालन यांच्या 'गजपती कुलपती'मध्ये घडते काय, तर एका हत्तीला सर्दी होते आणि त्याची शिंक येऊ घातलेली असते. पण पान उलटण्याआधी मुलांना शिंकेची चाहूल लागते, वाचणारा थांबतो, आणि सगळा वर्ग मिळून ती शिंक देतो. पान कुठे उलटायचे याचे इतके नेमके भान ठेवणे ही सोपी गोष्ट नव्हे.

८. कामाची रीत

५,००० रुपये हातात आहेत असे धरून एक वाटणी सुचवते. किमती उदाहरणादाखल धरल्या आहेत.

पुरस्कारयाद्यांतून निवडलेली, वरच्या तीन पायऱ्या ओलांडलेली पाच पुस्तके, सरासरी ३०० रुपये, म्हणजे १,५०० रुपये. पातळ चित्रपुस्तके आणि सोप्या गोष्टींची चाळीस पुस्तके, सरासरी ५० रुपये, म्हणजे २,००० रुपये. मासिकाची वर्गणी आणि पुस्तकांना घालायची कव्हरे यांसाठी ५०० रुपये. उरलेले १,००० रुपये लगेच खर्च करू नका. तीन महिन्यांनी शाळेत जा, कोणती पुस्तके सर्वांत मळली आहेत ते पाहा आणि त्यांच्या दुसऱ्या प्रती घ्या. मळलेले पुस्तक हा मुलांनी दिलेला अभिप्राय आहे.

खरेदीपूर्वी प्रत्येक पुस्तक गटातल्या एकाने पूर्ण वाचलेले असले पाहिजे. परीक्षण वाचलेले चालणार नाही. शक्य असेल तर एकेक प्रत उसनी आणून चार-पाच मुलांना मोठ्याने वाचून दाखवा. 'आवडले का' असे विचारू नका, मुले आपल्याला बरे वाटावे म्हणून हो म्हणतात. पुस्तक तिथेच ठेवून बाजूला व्हा आणि कोण ते पुन्हा उघडते ते पाहा. शेवटी, प्रत्येक पुस्तकासमोर एक वाक्य लिहा: हे पुस्तक या शाळेतल्या कोणत्या वर्गातल्या, कशा मुलासाठी आहे. ते वाक्य लिहिता आले नाही तर नाव यादीतून काढा, पुढे कोणताही पुरस्कार लिहिलेला असो.

विचारासाठी प्रश्न

१. तुमच्या भाषेतल्या बाल साहित्य पुरस्काराची मागील पाच वर्षांची पुस्तके शोधा. त्यांत सहा-सात वर्षांच्या मुलासाठी किती आहेत?

२. तुमच्या जवळच्या एका शाळेतली घरची, शाळेची आणि कपाटातल्या पुस्तकांची भाषा कोणती, ते तेथील शिक्षकांना विचारून लिहा. या तीन भाषांतले अंतर कमी करण्यासाठी तुमचा गट काय करू शकेल?

३. एखादे नावाजलेले नवे बालपुस्तक घ्या. त्यातला 'विषय' बाजूला काढल्यावर काय उरते, ते दोनशे शब्दांत मांडा.

४. वर दिलेल्या तीन बाद-पायऱ्यांपैकी एखादी तुम्हाला चुकीची वाटते का? ती लावल्यामुळे बाद होणारे, पण शाळेत असायलाच हवे असे एक पुस्तक सुचवा आणि त्याची बाजू मांडा.